मंडळीत हजर, देवापुढे गैरहजर: कामाच्या रगाड्यातून आत्मिक वाढीकडे

रविवारची उपासना, बुधवारची प्रार्थनासभा, शुक्रवारी क्वायरचा सराव, शनिवारी संडे स्कूलच्या धड्याची तयारी, मधूनच कमिटीची बैठक, आणि वर्धापनदिन जवळ आला की रोजचीच धावपळ. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ज्यांच्यावाचून पान हलत नाही, अशा माणसांचा आठवडा साधारण असा असतो. त्यांच्यापैकी एखाद्याला बाजूला घेऊन विचारा, "तुमची स्वतःची प्रार्थना कशी चालली आहे?" बहुतेक वेळा आधी एक ओशाळं हसू येतं आणि मग, "वेळच मिळत नाही हो."

हा लेख त्यांच्यासाठी आहे. जे मंडळीत फिरकतच नाहीत त्यांचा प्रश्न वेगळा. इथे बोलायचं आहे ते न चुकता येणाऱ्या, सांगितलेलं काम मुकाट्याने उचलणाऱ्या आणि तरीही आत काही वाढत नाही हे जाणवणाऱ्या माणसांशी.

आधी दुखणं समजून घेऊ

बायबलमधल्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात इफिसच्या मंडळीला लिहिलेलं पत्र आहे. त्यात तिचं कौतुक थोडंथोडकं नाही. तिने श्रम केले, धीर धरला, खोट्या प्रेषितांना पारखून उघडं पाडलं, प्रभूच्या नावासाठी सोसलं आणि ती खचली नाही. वार्षिक अहवालात एवढं वाचून दाखवलं तर आपण टाळ्या वाजवू. पण लगेच पुढे तक्रार येते की तू आपली पहिली प्रीती सोडलीस. काम चोख आणि प्रीती आटलेली, हे दोन्ही एकाच मंडळीत, एकाच माणसात, एकाच वेळी असू शकतं.

ही तक्रार जुनीच आहे. यशया आणि आमोस या संदेष्ट्यांच्या पुस्तकांत, यशयाच्या पहिल्या आणि आमोसाच्या पाचव्या अध्यायात, देव लोकांच्या सणांना, सभांना आणि गाण्यांना कंटाळलेला दिसतो. कारण सभा भरत होत्या आणि त्याच गावात विधवेला, अनाथाला न्याय मिळत नव्हता. अलीकडचा दाखला हवा असेल तर अमेरिकेत शिकागोजवळच्या विलो क्रीक या प्रचंड मोठ्या मंडळीचा घ्या. तिथे माणसांची वाढ व्हावी म्हणून कार्यक्रमांची रेलचेल होती. त्या मंडळीने आपल्याच सभासदांची पाहणी केली आणि २००७ मध्ये निष्कर्ष जाहीर केला की कार्यक्रमांतला सहभाग वाढला म्हणून देवावरची आणि माणसांवरची प्रीती वाढतेच असं नाही. शास्त्र वाचून त्यावर मनन करण्याची वैयक्तिक सवय मात्र वाढीला सर्वांत पोषक ठरत होती. ज्या मंडळीचा लौकिकच कार्यक्रमांवर उभा होता तिने हे उघडपणे सांगावं, याला धाडस लागतं.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंचं उदाहरण आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. त्यानंतरही त्यांचं काम, अभ्यास, लेखन सगळं जोरात चालू होतं. पण पुढे साक्ष लिहिताना त्यांनी स्पष्ट म्हटलं की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडायचा राहिला होता. रमाबाईंसारख्या कर्तबगार बाईला हे म्हणावं लागलं, तर आपण कोण?

असं का होतं? कार्यक्रम दिसतो, मोजता येतो, त्याचे फोटो निघतात, पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू) व्यासपीठावरून नाव घेतात. एकांतातल्या प्रार्थनेला यातलं काहीच मिळत नाही. दुसरं कारण जास्त फसवं आहे. धडा शिकवणारा, भक्ती चालवणारा, संदेश देणारा माणूस दिवसभर देवाविषयी बोलत असतो, त्यामुळे आपण देवाशी बोललो असं त्याला वाटून जातं. तो शास्त्र उघडतो तेव्हाही डोक्यात एकच प्रश्न असतो: यातलं उद्या मुलांना काय सांगता येईल? वचन त्याच्या हातातून जातं, त्याच्यात उतरत नाही.

म्हणून काम सोडून घरी बसा, असा मात्र याचा अर्थ काढू नका. कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे हे याकोबाने बायबलमधल्या आपल्या पत्रात रोखठोक सांगून ठेवलं आहे.

पायरी पहिली: आठवड्याचा हिशेब मांडा

कागद घ्या. मागच्या दोन आठवड्यांत मंडळीसाठी जे जे केलं ते एकाखाली एक लिहा. व्हॉट्सॲपवर निरोप पाठवणं, खुर्च्या लावणं, कोणाची तरी समजूत काढणं, सगळं धरा. शेजारी दुसऱ्या रकान्यात लिहा की हे काम मी का करतो किंवा करते. इथे धार्मिक उत्तर लिहू नका, खरं लिहा. "नाही म्हणवलं नाही." "मी सोडलं तर ते लोक वाट लावतील." "वडील करायचे म्हणून." "क्वायरमध्ये नसेन तर मला कोण ओळखणार?" आणि अधूनमधून, "हे करताना मला देवाजवळ असल्यासारखं वाटतं." तिसऱ्या रकान्यात लिहा: हे काम मी तीन महिने केलं नाही तर नेमकं काय होईल?

कागदाच्या तळाशी एक वेगळी ओळ ओढा. त्या दोन आठवड्यांत काहीही तयार करायचं नसताना, कोणालाही काही सांगायचं नसताना, फक्त देवाबरोबर किती वेळ गेला ते लिहा. आकडा शून्य आला तरी घाबरू नका. अपराधीपणातून घेतलेला निश्चय आठवडाभर टिकतो आणि मग तीच एक नवी टोचणी होऊन बसते.

पायरी दुसरी: काही नवीन सुरू करण्याआधी एक काम सोडा

बहुतेक सल्ले इथेच चुकतात. थकलेल्या माणसाला ते आणखी चार गोष्टी सांगतात: पहाटे उठा, रोज पाच अध्याय वाचा, शुक्रवारी उपास धरा. भरलेल्या भांड्यात आणखी ओतून काय होणार? आधी जागा करा.

कोणतं काम सोडायचं? माझं मत असं की ज्याच्यापुढे दुसऱ्या रकान्यात भीती किंवा भीड लिहिली गेली, ते. रविवारची उपासना आणि प्रभुभोजन सोडू नका. आजारी किंवा एकट्या माणसाला तुम्ही नियमित भेटत असाल तर तेही सोडू नका. तिथे तुमची वाट पाहणारा एक जीव आहे. बैठका, सजावट, ध्वनियंत्रणा, छापील पत्रकं यांची वाट कोणी डोळे लावून पाहत नसतं.

सोडायची रीतही महत्त्वाची. निरोप टाकून ग्रुपमधून बाहेर पडणं हे सोडणं नव्हे, ते रुसणं झालं. समोरासमोर जा आणि थोडक्यात सांगा: "पाळकसाहेब, पुढच्या महिन्यापासून सहा महिने मी कमिटीच्या कामातून थांबणार आहे. माझी कोणावर नाराजी नाही. देवाबरोबरचं माझं नातं कोरडं पडलं आहे, त्याच्याकडे लक्ष द्यायचं आहे. उपासनेला मी येतच राहीन." यावर प्रश्न ठरलेला: "पण मग करणार कोण?" याचं उत्तर शोधणं तुमच्याकडे नाही. "जो येईल त्याला महिनाभर शिकवायला मी तयार आहे," एवढं बोलून गप्प बसा. ती शांतता जड जाईल. ती भरून काढण्यासाठी "बरं, तोपर्यंत मी बघतो" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका.

चांगला पाळक हे ऐकून तुमच्यासाठी प्रार्थना करेल. एखादा दुखावेलही. आणि काम थांबवलं म्हणून तुमच्या विश्वासावरच शंका घेतली गेली, तर त्या मंडळीत माणसाची किंमत कशावरून ठरते हेही तुमच्या लक्षात येईल.

पायरी तिसरी: वेळ आणि जागा ठरवा

मोकळा झालेला वेळ मोबाइल गिळून टाकतो, म्हणून तो लगेच बांधून घ्या. सुरुवातीला रोज वीस मिनिटं पुरेत. पहाटेच हवीत असं काही नाही. रात्रपाळी करणाऱ्याला, तान्ह्या मुलाच्या आईला पहाटेचा आग्रह धरणं निर्दयपणाचं आहे. एकच जागा ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत. शास्त्र छापील असलेलं बरं, कारण ॲपमधून वाचताना मध्येच क्वायरचा निरोप दिसतो आणि मन तिकडे पळतं. जवळ एक कोरा कागद ठेवा. "अमक्याला फोन करायचा आहे" अशी आठवण झाली की तिथे टिपा आणि परत या.

पायरी चौथी: कमी वाचा, सावकाश वाचा

वर्षात संपूर्ण बायबल वाचून काढण्याचे तक्ते चांगलेच आहेत, पण कामसू माणसाच्या हातात ते आणखी एक उरकायचं काम होतात. सहा महिने ते बाजूला ठेवा. बाराव्या शतकात ग्विगो दुसरा नावाच्या, कार्थुसियन या एकांतवासी संघातल्या संन्याशाने शास्त्रवाचनाची चार पायऱ्यांची शिडी सांगितली: वाचन, मनन, प्रार्थना आणि देवापुढे नुसतं असणं. ही रीत त्याआधीपासून मठांत चालत आलेली होती, त्याने ती नीट मांडून दिली. ती कशी वापरायची ते एका उताऱ्यावर बघू.

मार्क १:२९–३९ घ्या. मोठ्याने, हळू वाचा. मग दुसऱ्यांदा वाचा आणि एखादा शब्द किंवा प्रसंग अडखळवतो का बघा. कफर्णहूम गावातला शब्बाथाचा, म्हणजे यहुद्यांच्या साप्ताहिक विसाव्याचा, दिवस आहे. येशू सभास्थानातून आपला शिष्य शिमोन याच्या घरी येतो, त्याची सासू तापाने पडलेली आहे, तो तिला उठवतो. सूर्य मावळल्यावर सगळं गाव दाराशी गोळा होतं. तो पुष्कळांना बरं करतो. हे सगळं आपल्या ओळखीचं आहे, कामाचा दिवस असाच लांबतो. आता पुढचं बघा. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठून एकांतात जातो आणि प्रार्थना करत राहतो. शिमोन आणि सोबतचे लोक त्याला शोधत येतात आणि सांगतात की सगळे तुझा शोध करत आहेत.

इथे थांबा. ते वाक्य तुम्हाला कोण म्हणतं? कोणाच्या आवाजात ऐकू येतं? "सगळे तुमचीच वाट बघत आहेत" हे ऐकल्यावर तुमच्या छातीत काय होतं: ओझं वाटतं, की थोडं बरंही वाटतं? बरं वाटत असेल तर ते लपवू नका. हे मनन. व्याकरण, भूगोल, तीन मुद्द्यांचा संदेश यातलं काहीही आत्ता नको. शिक्षकाचं मन लगेच मुद्दे काढायला लागेल. त्याला सांगा की आज वर्ग नाही.

मग येशूचं उत्तर वाचा. तो गर्दीकडे परत जात नाही. आपण आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ, मी त्यासाठीच आलो आहे, असं म्हणतो. गरज खरी होती, लोक खरे होते, मागणी रास्त होती, आणि तरी तो निघाला. कुठे जायचं हे त्याने मागणीवरून ठरवलं नाही. आता याच गोष्टीवरून प्रार्थना करा, साध्या भाषेत: "प्रभू, मला शोधत येणाऱ्यांना नाही म्हणायची भीती वाटते. तुला वाटली नाही. मला हे शिकव." शेवटची दोन-तीन मिनिटं काहीच बोलू नका. मन भटकेल. भटकलं की चिडू नका, उताऱ्यातला तोच एक शब्द मनात म्हणून परत या.

हाच उतारा दुसऱ्या दिवशीही घ्यायला हरकत नाही. आठवड्यात एक उतारा झाला तरी चालेल. पुढे लूक १०:३८–४२ मधली मार्था आणि मरिया, लूक १५ मधल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यातला मोठा भाऊ, योहान १५ मधली द्राक्षवेल, यशया ५८ मधला उपास असे उतारे घेता येतील. मोठा भाऊ तर खास आपल्यासाठी आहे. इतकी वर्षं राबलो, आज्ञा मोडली नाही, असं तो बापाला ऐकवतो आणि घरात चाललेल्या आनंदात मात्र पाऊल टाकत नाही.

पायरी पाचवी: प्रार्थनेतली ठरलेली वाक्यं काही दिवस बाजूला ठेवा

सभेत प्रार्थना चालवणाऱ्यांना एक सवय लागते. "हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे आभार मानतो" इथून सुरू झालेली गाडी आपोआप "येशूच्या नावाने मागतो" या स्टेशनापर्यंत जाते. मध्ये आपण होतो की नाही हे कळत नाही. खोलीचं दार लावल्यावर ती भाषा विसरा आणि स्तोत्रसंहितेकडून नवी शिका.

दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं फार मोठ्या संख्येने आहेत. मंडळीत गाताना आपण ती सहसा टाळतो. १३वं स्तोत्र सहाच ओव्यांचं आहे. दावीद सुरुवातीलाच देवाला चार वेळा विचारतो की हे कुठवर चालायचं. मग मागतो: माझ्याकडे पाहा, उत्तर दे. शेवटी तुझ्या दयेवर मी भरवसा ठेवला आहे, असं म्हणतो. तक्रार, मागणी, भरवसा, असा हा साचा आहे. तो घेऊन स्वतःची सहा वाक्यं लिहा. "देवा, या माणसाबरोबर मी आणखी किती वर्षं एका कमिटीत बसायचं?" हेही चालेल. देवाला ते आधीच ठाऊक आहे. सगळ्याच स्तोत्रांचा शेवट गोड होतो असं समजू नका. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे. ज्या दिवशी शेवटचं भरवशाचं वाक्य मनापासून येणार नाही, त्या दिवशी ते ओढूनताणून लिहू नका.

पायरी सहावी: रात्रीची उजळणी

इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) याने दिवसाकडे देवासमोर मागे वळून पाहण्याची एक पद्धत रुजवली. जेझुइट या कॅथलिक संघात ती आजही रोज पाळली जाते, आणि पंथ कुठलाही असो, ती कोणालाही वापरता येते. दहा-पंधरा मिनिटांचं काम. आधी दिवसातल्या गोष्टींसाठी उपकार मानायचे. मग पवित्र आत्म्याकडे उजेड मागायचा, कारण आपण स्वतःची झडती घेतली तर एकतर सगळं माफ करतो नाहीतर सगळ्यावर फुली मारतो. मग दिवस सकाळपासून उलगडायचा. जिथे चुकलं तिथे क्षमा मागायची. शेवटी उद्याची एखादी नेमकी गोष्ट देवाच्या हाती द्यायची.

उलगडायचं म्हणजे कसं? समजा, आज सरावात एक मुलगी उशिरा आली आणि तुम्ही सगळ्यांसमोर तिला टोचून बोललात. "रागावलो, क्षमा कर" एवढ्यावर पुढे जाऊ नका. तिथेच थोडं थांबा. राग उशिराचा होता का? की पाहुणे पाळक ऐकायला बसले होते आणि आपला क्वायर कमी पडेल याची धास्ती होती? तिचा चेहरा कसा झाला? असं पाहिलं की क्षमा कशाची मागायची ते कळतं आणि उद्याचं कामही आपोआप समोर येतं: तिला फोन करायचा. तसाच चांगला क्षणही शोधा, जिथे तुम्ही अनपेक्षितपणे सौम्य राहिलात. तो तुमच्या शहाणपणातून आला नाही हे ओळखून आभार माना.

पायरी सातवी: कोणालाही न कळणारं काहीतरी करा

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींबाबत एकच सांगतो: गुप्तपणे करा, गुप्तातलं पाहणारा पिता पाहील. आठवड्यातून एक काम असं करा की ज्याचा पत्ता घरच्यांनाही लागणार नाही. कोणाचं तरी अडलेलं भागवा, पण नाव कळू देऊ नका. उपास धरला तर "आज मी जेवणार नाही" याची दवंडी नको. ज्याने तुम्हाला दुखावलं त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा आणि ती गोष्ट प्रार्थनासभेत सांगू नका. सुरुवातीला कोणीतरी पाहावं अशी आतून फार ओढ लागते. ती ओढ किती जोरदार आहे हे कळणं हाच या पायरीचा निम्मा फायदा.

पायरी आठवी: दोन माणसं शोधा

एकांत पुरत नाही. मनाला स्वतःची समजूत घालायची कला फार लवकर येते, म्हणून आपल्याला खरं सांगणारी माणसं लागतात. १७४२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या मेथडिस्ट पंथीयांवर सभागृहाचं कर्ज होतं. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची आणि दर बारा जणांमागे एकाने ती गोळा करायची असं ठरलं. पैसे घ्यायला घरोघरी गेल्यावर त्यांना माणसं खरी कशी जगतात ते दिसू लागलं. त्यांचा पुढारी जॉन वेस्ली याने ती संधी ओळखली आणि त्यातून दर आठवड्याला भेटणारे छोटे गट उभे राहिले, जिथे एकमेकांच्या जिवाची विचारपूस व्हायची. कर्जफेडीच्या योजनेतून आत्म्यांची काळजी सुरू झाली, ही मंडळीच्या इतिहासातली मला फार आवडणारी गोष्ट आहे.

तुम्हाला बारा जण नकोत. एक किंवा दोन पुरेत. पंधरवड्यातून तासभर भेटा. अभ्यासाचं पुस्तक नको, अजेंडा नको. तीन-चार प्रश्न ठेवा: देवाबरोबर कसं चाललं आहे? कुठे अडलं? कोणाशी बिनसलं आहे? कोणती गोष्ट सांगायची टाळतो आहेस? माणूस निवडताना त्याचं बायबलचं ज्ञान नंतर बघा, आधी त्याच्या पोटात गोष्ट राहते का ते बघा. "प्रार्थनेसाठी सांगतो" म्हणत दुसऱ्याची अडचण चारचौघांत मांडणारा इथे चालणार नाही. तुमच्या प्रत्येक निर्णयावर हुकूम सोडणारा तर मुळीच नको. आणि झोप उडाली आहे, जगावंसं वाटत नाही, अशी स्थिती असेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही जा. त्यात विश्वासाची कमतरता नाही.

पायरी नववी: विसावा

मंडळीतल्या कार्यकर्त्यांचा रविवार हा सर्वांत दगदगीचा दिवस असतो. त्यांनी आठवड्यातला दुसऱ्या एखाद्या वारचा अर्धा दिवस विसाव्याला ठेवावा, आणि त्या दिवशी मंडळीचे फोन घेऊ नयेत.

१ राजेच्या १९व्या अध्यायातला एलीया संदेष्टा आठवा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाल्यावर तो रानात जाऊन झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देव त्याला लगेच उपदेश करत नाही. त्याला झोपू देतो, देवदूताकडून भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. होरेब डोंगरावर त्याच्याशी बोलणारा देवाचा मंद, कोमल स्वर त्यानंतर पुष्कळ दिवसांनी येतो. दमलेल्या माणसाची पहिली आत्मिक गरज कधी कधी झोप असते.

मध्येच सगळं नीरस झालं तर

होणारच. साधारण सुरुवातीचा उत्साह ओसरला की वीस मिनिटं दोन तासांसारखी वाटू लागतात. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन कॅसियन याने इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांकडून शिकलेल्या गोष्टी लिहून ठेवल्या. त्यात दुपारच्या सुमारास कंटाळून गेलेल्या संन्याशाचं वर्णन आहे: तो खोलीच्या आतबाहेर करतो, कोणी भेटायला येत नाही म्हणून उसासे टाकतो, सूर्य अजून मावळत कसा नाही म्हणून वर बघतो. मग त्याच्या मनात येतं की इथे रिकामं बसण्यापेक्षा आजाऱ्यांच्या भेटी घ्याव्यात, एखाद्या निराधार बाईची विचारपूस करावी. विचार किती पुण्याचा! पण कॅसियन तो मोह म्हणूनच नोंदवतो, कारण त्याचं मूळ दयेत नसून खोलीतून पळण्यात आहे. तुम्हालाही नेमक्या याच वेळी नव्या उपक्रमाची कल्पना सुचेल. ती कागदावर टिपा आणि बसून राहा.

काहींचा असा काळ लांबतो. मदर तेरेसा यांची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रं वाचून जग चकित झालं, कारण अनेक दशकं त्यांना देवाची जवळीक जाणवतच नव्हती आणि तरीही त्यांनी प्रार्थना सोडली नव्हती. काही जाणवत नाही म्हणून काही घडत नाही, असं धरून चालू नका. मात्र एक तपासा: एखादं मुद्दाम धरून ठेवलेलं पाप, न मिटवलेलं भांडण, न फेडलेलं देणं तर आड येत नाही ना? असेल तर आधी ते निस्तरा.

वाढ होते आहे हे ओळखायचं कसं

किती अध्याय वाचले, किती दिवस सलग बसलो, यावरून नाही. नाहीतर जुन्याच हिशेबाची नवी वही उघडली. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली आत्म्याच्या फळाची नऊ लक्षणं घ्या: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. यातलं एकही लक्षण एकट्याने खोलीत बसून सिद्ध करता येत नाही, सगळी माणसांत दिसतात. म्हणून तीन-चार महिन्यांनी घरच्यांना विचारा. जोडीदाराला, मुलांना, आईवडिलांना: "माझ्यात काही फरक वाटतो का?" मंडळीतल्यांना विचारू नका, ते चांगलंच सांगतील. घरचं माणूस थोडा वेळ गप्प राहून म्हणालं, "हल्ली तू मध्येच तोडत नाहीस, ऐकून घेतोस," तर समजा मुळाला पाणी पोचतं आहे. फरक दिसत नाही असं उत्तर आलं तर त्यावर वाद घालू नका. त्या वादातूनच उत्तराची खात्री पटेल.

आणखी काही खुणा आहेत. दुसऱ्याचं कौतुक झालं तर पूर्वीइतकं टोचत नाही. क्षमा मागायला पूर्वी आठवडा लागायचा, आता त्याच संध्याकाळी जमतं. पैशाच्या बाबतीत मूठ थोडी सैल होते. मत्तयाच्या सातव्या अध्यायात, तुझ्या नावाने आम्ही संदेश दिले, भुतं काढली, अद्भुतं केली, असं सांगणाऱ्यांना प्रभू म्हणतो की मला तुमची ओळखच नव्हती. हा उतारा अधूनमधून वाचत जा.

पुन्हा कामाकडे

सहा महिने झाल्यावर सेवेकडे परत यायचं आहे, हे विसरू नका. योहान १५ मध्ये येशू आपल्यामध्ये राहायला सांगतो आणि त्याच दमात पुष्कळ फळ देण्याविषयीही बोलतो. काम त्या राहण्यातून यावं एवढंच.

परतताना पहिल्या पायरीचा कागद काढा आणि दुसरा रकाना पुन्हा भरा. काही उत्तरं बदललेली असतील. नवी जबाबदारी कोणी देऊ केली तर जागच्या जागी हो म्हणू नका. आठ दिवस मागून घ्या, तुमच्या त्या एक-दोन माणसांशी बोला, आणि रोजची वीस मिनिटं व आठवड्याचा अर्धा दिवस शाबूत राहतो का ते कॅलेंडरवर प्रत्यक्ष बघा. राहत नसेल तर उत्तर नाही. एकावेळी एकच काम घ्या. आणि तुम्ही सोडलेलं काम या सहा महिन्यांत ज्याने सांभाळलं, त्याच्याकडून ते परत मागू नका. त्याला ते तुमच्यापेक्षा बरं जमत असण्याचीही शक्यता आहे.